म्हातारा मोती आणि नवा ठेचा: घरातला मोठा कुत्रा पिल्लाला शिकवतो का?

हे आपल्या ताज्या एपिसोडचं लेखी रूप. ज्यांचे इअरफोन घरी राहिले त्यांच्यासाठी, आणि "तो लसीचा भाग नेमका कुठे होता" म्हणून मागे-पुढे करत बसणाऱ्यांसाठी. बोलताना जिथे जीभ घसरली ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याकडूनच आला. गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या लोकांच्या व्हॉइस नोट आल्या, पण प्रश्न एकच. "दादा, घरी आठ-नऊ वर्षांचा कुत्रा आहे. आता पिल्लू आणून राहिलो. मोठा त्याला शिकवेलच ना?"

त्या "शिकवेलच ना"वर आज बोलायचंय. कारण मागच्या पावसाळ्यात हेच वाक्य मी आईला ऐकवलं होतं, अगदी छाती फुगवून. आणि त्याचा भुर्दंड मला नाही, आमच्या मोतीला पडला.

आधी आमच्या घराचं चित्र सांगतो. आम्ही वाडीला राहतो. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, अमरावती रोडने शहरातून बाहेर पडलं की लागते ती वाडी. गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, रात्रंदिवस ट्रक. मोती आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे, साधा गावठी कुत्रा, रंग भाजलेल्या पोळीसारखा. जुलैमधल्या एका धो-धो पावसात एका उभ्या ट्रेलरखाली एक पिल्लू सापडलं. दोन मुठींएवढं. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सात-आठ आठवड्यांचं असेल.

आई म्हणाली, "आता याले कायले आणलं रे?" मी म्हणालो, मोतीला सोबत होईल आणि मोतीच त्याला सगळं शिकवेल. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या निघाल्या.

ओळख करून देण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण उडवू नका. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू थेट मोठ्या कुत्र्याच्या तोंडासमोर ठेवायचं नाही. पार्व्हो, डिस्टेंपर असे आजार अंगात असूनही पिल्लू काही दिवस ठणठणीत दिसतं. म्हणून आधी डॉक्टर, मग साधारण दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं अंथरूण. पार्व्होचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. त्यासाठी ब्लीच लागतं. मोठ्या कुत्र्याच्या लसी राहिल्या असतील तर त्या पिल्लू यायच्या आधीच पूर्ण करून घ्या.

पिल्लाच्या लसींचा हिशोब असा. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास, मग दर ३-४ आठवड्यांनी एक, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. इतके डोस कशाला, डॉक्टर पैसे काढतो का, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, तेच लसीला अंगात काम करू देत नाही. ते कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, खेळता खेळता रक्त निघतं. रस्त्यावरचं, लस न झालेलं पिल्लू असेल तर "बारकंच तर आहे" म्हणून सोडू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा (मोबाइलवर टायमर लावा, १५ मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात) आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. मिरची, हळद, चुना काही लावू नका. मी स्वतः घेतली सगळी इंजेक्शनं. पोट्ट्यांनी चिडवलं, चिडवू द्या.

आपल्या नागपूरकरांना एक सोय आहे. सेमिनरी हिल्सला १९५८ सालचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, तेही २००० पासून नागपुरातच आहे. आपल्याकडे गाईम्हशींचा डॉक्टर आणि कुत्र्याचा डॉक्टर वेगळा असतो असं अजून लोकांना वाटतं. नसतो बाप्पा, शिक्षण एकच.

पहिली भेट

दोन आठवडे मोतीला बंद दाराच्या फटीतून वास येत होता. त्याचा फायदा झाला. रोज मी पिल्लाच्या अंथरुणाचं फडकं मोतीजवळ आणि मोतीचं फडकं पिल्लाजवळ ठेवायचो. कुत्र्याची ओळख डोळ्यांनी होण्याआधी नाकाने होते, म्हणून भेट झाली तेव्हा दोघांनाही एकमेकांबद्दल बरंच काही माहीत होतं.

भेट घरात घडवू नका. घर हे मोठ्याचं राज्य आहे. आम्ही शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नेलं नाही, कारण पिल्लाच्या लसी पूर्ण नव्हत्या आणि तिथे बाकीचे कुत्रे फिरतात. गच्चीवर नेलं. गच्चीवर मोती फारसा जात नाही, त्यामुळे ती कोणाचीच नव्हती. बहिणीने मोतीचा पट्टा सैल धरला, मी पिल्लाजवळ बसलो. तीन मिनिटं, बस. मोतीने शेपटापासून तोंडापर्यंत वास घेतला, तोंड फिरवलं आणि जाऊन कठड्याच्या सावलीत बसला. बहीण म्हणाली, "त्याले आवडलं नाही वाटते." उलट हीच सगळ्यात चांगली भेट होती. वास घेऊन तोंड फिरवणं ही कुत्र्यांची सभ्यता आहे. व्हिडिओत दाखवतात तसं पहिल्याच दिवशी गळ्यात गळे घातलेच पाहिजेत असं काही नाही.

नावाची गंमत सांगतो. बहिणीने नाव ठेवलं होतं ज्योती. मग कळलं की पिल्लू मुलगा आहे, पण तोपर्यंत आम्हाला नावाची दुसरीच अडचण समजली होती. मोती, ज्योती. हाक मारली की दोघं धावत यायचे, आणि खाऊ एकालाच मिळाला की दुसऱ्याचा चेहरा उतरायचा. दोन कुत्र्यांची नावं कानाला एकदम वेगळी हवीत, शेवटचा स्वर तरी वेगळा हवाच. शेवटी त्याच्या स्वभावाकडे बघून नाव पडलं ठेचा.

गुरगुरणं दाबलं, आणि मग

आता मुख्य गोष्ट. ही सांगायला मला बरं वाटत नाही.

ठेचा घरात मोकळा फिरायला लागला तसा मोतीच्या मागे लागला. कान ओढ, शेपूट ओढ, झोपला की अंगावर उडी. मोती आधी तोंड फिरवायचा. मग जांभई द्यायचा. मग ओठ चाटायचा, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसायचा. मग उठून दुसरीकडे जाऊन बसायचा, ठेचा तिथेही हजर. आणि शेवटी मोती गुरगुरायचा.

आम्हाला आधीच्या चारही पायऱ्या दिसल्याच नाहीत. गुरगुरणं तेवढं ऐकू यायचं. आई म्हणायची, "मोती, गप! लेकरू आहे ना ते!" बाबा वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवायचे. मी पिल्लाला उचलून कडेवर घ्यायचो आणि मोतीला रागवायचो. दोन आठवड्यांत मोतीचं गुरगुरणं बंद झालं. आम्ही खूश. म्हटलं, जमलं बाप्पा दोघांचं.

पोळ्याच्या दिवशी घरात पाहुणे होते, पुरणपोळीचा वास होता. मोती सोफ्याखाली झोपला होता. ठेचा धावत गेला आणि त्याच्या मागच्या पायांवर आदळला. मोतीने ना आवाज केला, ना दात दाखवले, थेट चावा घेतला. ठेचाच्या कानाला चीर पडली, रक्त आलं, रडारड झाली. पाहुण्यांपैकी एक काका म्हणाले, "म्हातारा झाला की कुत्रा खुनशी होते. सोडून या कुठेतरी हायवेला."

खरं सांगतो, त्या रात्री घरात त्यावर चर्चा झाली. दहा वर्षं ज्याने आमच्या दारात राखण केली, त्याला अमरावती रोडवर सोडायचं की नाही यावर आम्ही जेवता जेवता बोललो.

दुसऱ्या दिवशी ठेचाचा कान दाखवायला दोघांनाही घेऊन गेलो. डॉक्टरांनी ठेचाकडे दोन मिनिटं बघितलं आणि मोतीकडे वीस मिनिटं. मागचा उजवा पाय मागे ताणला तसा मोतीने मान वळवली. एक्स-रे काढला. कंबरेच्या सांध्याचा संधिवात, चांगला जुना. म्हणजे ठेचा दर वेळी जिथे आदळायचा, नेमकं तिथेच मोतीचं दुखत होतं.

मग आठवायला लागलं. सहा महिन्यांपासून मोती दिवाणावर चढत नव्हता. आम्ही म्हणायचो, शहाणा झाला. जिना उतरताना थांबायचा. आम्ही म्हणायचो, आळशी झाला.

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात डॅनियल मिल्स नावाचे प्राध्यापक आहेत, प्राण्यांच्या वागणुकीतल्या अडचणींवर काम करतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलंय की वागणूक बिघडली म्हणून त्यांच्याकडे पाठवलेल्या प्राण्यांमध्ये, कमीत कमी धरलं तरी, एक तृतीयांशांच्या आसपास कुठलं ना कुठलं दुखणं असतं. म्हणून मोठा कुत्रा पिल्लावर चिडायला लागला की पहिला फोन ट्रेनरला नाही, डॉक्टरला. पिल्लू आणण्याच्या आधीच म्हाताऱ्याची तपासणी करून घेतलीत तर अजून बरं. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. मोतीला डॉक्टरांनी दिलेलं औषध, वजन थोडं कमी करणं आणि फरशीवर जाड सतरंजी एवढ्याने पंधरा दिवसांत फरक दिसला.

आता गुरगुरण्याचं. गुरगुर म्हणजे भांडण नाही. भांडण होऊ नये म्हणून दिलेली सूचना आहे. ट्रकच्या रिव्हर्स हॉर्नसारखी. हॉर्नचा त्रास होतो म्हणून वायर कापली तर ट्रक मागे यायचा थांबत नाही, फक्त आता कळत नाही. आम्ही वायर कापली होती.

कुत्र्यांना एकमेकांच्या गुरगुरण्यातला फरक बरोबर समजतो. बुडापेस्टच्या संशोधकांचा २०१० चा एक प्रयोग आहे. हाडूक ठेवलेलं, कुत्रा जवळ येतोय, आणि लपवलेल्या स्पीकरवर गुरगुरण्याचं रेकॉर्डिंग वाजतं. खाणं राखणाऱ्या कुत्र्याचं गुरगुरणं ऐकून आलेला कुत्रा हाडूक सोडून मागे सरायचा. खेळातल्या गुरगुरण्याने किंवा अनोळखी माणसावर केलेल्या गुरगुरण्याने तसं व्हायचं नाही. आपण मात्र या फरकाकडे बऱ्याचदा लक्षच देत नाही. म्हणजे घरात ही भाषा न येणारे आपणच.

मग आम्ही काय बदललं? मोती गुरगुरला की आता कोणी त्याला काही बोलत नाही. "बरं मोती" म्हणायचं आणि ठेचाला बोलावून दुसऱ्या कामाला लावायचं. खरं तर गुरगुरण्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही, तोंड फिरवलं, जांभई दिली की तिथेच मध्ये पडायचं. मोतीला अशी एक जागा दिली जिथे ठेचा जाऊच शकत नाही. आमच्याकडे मधल्या खोलीच्या दाराला कमरेएवढी जाळी लावली, वेल्डिंगवाल्याकडून. मोती आत असला की तो आत. पाहुणा असो की पिल्लू, तिथे कोणी नाही. हे एवढं एक जरी केलंत ना, तरी पुष्कळ घरांतली भांडणं थांबतील असं मला वाटतं.

अजून एक. मोठे कुत्रे लहान पिल्लाचं बरंच खपवून घेतात, पण चार-पाच महिन्यांच्या आसपास ही सूट संपायला लागते. "कालपर्यंत चालत होतं, आज का चिडला?" याचं उत्तर बऱ्याचदा पिल्लाच्या वाढदिवसात असतं.

मग मोठा शिकवतो की नाही?

शिकवतो. पण तुम्हाला हवं ते शिकवेल याची काही गॅरंटी नाही.

पिल्लं बघून शिकतात हे नक्की. त्याच बुडापेस्टमध्ये क्लाउडिया फुगात्सा आणि आदाम मिक्लोशी यांच्या टीमने आठ आठवड्यांच्या पिल्लांना खाऊ लपवलेली पेटी दिली. दुसऱ्या कुत्र्याने किंवा माणसाने पेटी कशी उघडली ते बघितलेल्या पिल्लांना ती उघडणं जास्त जमलं. हे २०१८ मध्ये छापून आलं. गंमत म्हणजे स्वतःच्या आईपेक्षा अनोळखी कुत्र्याकडून ती जास्त शिकली, कारण अनोळखी कुत्र्याकडे ती जास्त वेळ टक लावून बघत होती. (आईचं कोण ऐकतं, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.) त्याहून जुनं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं, १९९७ चं. पोलीस दलातल्या जर्मन शेफर्ड आया अमली पदार्थ शोधताना ज्या पिल्लांनी बघितलं होतं, ती सहा महिन्यांची झाल्यावर त्याच कामात न बघितलेल्या पिल्लांपेक्षा पुढे होती.

आता आमच्या घरी ठेचा मोतीकडून काय शिकला? शू करायला मागच्या दारातून बाहेर जायचं, हे चार-पाच दिवसांत शिकला. मला वर्तमानपत्रं पसरून बसावं लागलं नाही. कूलरच्या आवाजाला घाबरायचं नाही, हेही मोतीकडे बघूनच. आणि दात किती जोरात लावायचे हे तर कुत्र्याकडून जसं शिकतात तसं माणसाकडून शिकतच नाहीत. जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवून निघून जातो, एवढा सरळ हिशोब. आपण मात्र "नको ना रे" म्हणत हात हलवत राहतो आणि पिल्लाला वाटतं खेळ रंगला.

पण सगळ्यात वेगाने तो काय शिकला माहीत आहे? सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की गेटवर जाऊन भुंकणं. एका दिवसात. मोतीची दहा वर्षांची सवय आम्ही "राखण करतो" म्हणून कौतुकाने वाढवली होती. आता स्टीरिओमध्ये ऐकतो.

म्हणून पिल्लू आणायच्या आधी महिनाभर म्हाताऱ्याच्या सवयींकडे एकदा बघून घ्या. गेटवर भुंकणं, जेवताना ताटाकडे टक लावणं, पट्टा ओढणं, जे काही असेल त्याची कॉपी निघणार आहे.

आणि एक गोष्ट मोठा कुत्रा कधीच शिकवत नाही. तुमचं ऐकायला. "ठेचा" म्हटलं की माझ्याकडे बघायचं, हे मोती कसं शिकवणार? उलट ठेचा दिवसभर मोतीच्या शेपटीला चिकटून असायचा. मी बोलावलं की आधी मोतीकडे बघायचा. मोती आला तर येणार. लोकांना वाटायचं किती गुणी पिल्लू, हाक मारली की येतं. एक दिवस मोतीला औषधासाठी दिवसभर दवाखान्यात ठेवलं आणि लक्षात आलं की ठेचाला स्वतःचं असं काहीच येत नाही. हाकेला आला नाही, गेटबाहेर मोतीला शोधत सुटला तो थेट सर्व्हिस रोडवर. समोर टँकर. ड्रायव्हर भाऊने ब्रेक मारला म्हणून आज हा एपिसोड हसत करतोय.

तेव्हापासून दोघांचं शिक्षण वेगवेगळं. ठेचाला रोज तीन वेळा, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, मोतीशिवाय. घड्याळ लावून. पिल्लाचं लक्ष त्यापेक्षा जास्त टिकत नाही. मोती तेव्हा जाळीमागे काहीतरी चघळत बसलेला. शिकवायचं फार काही नाही. नाव ऐकलं की बघणं, हाक मारली की येणं, बसणं, तोंडातलं सोडणं. जमलं की लगेच खाऊ, म्हणजे अक्षरशः पुढच्या सेकंदाला. आम्ही उकडलेल्या अंड्याचे चण्याएवढे तुकडे करायचो. फिरायलाही एकदा तरी वेगळं. पिल्लाला एकट्याने जग बघता आलं पाहिजे, आणि मोतीलाही त्याच्या संथ चालीने खांबा-खांबाचा वास घेत चालता आलं पाहिजे.

इथे वयाचं एक गणित आहे. पिल्लाच्या मनावर जगाचा ठसा उमटायचा सगळ्यात नाजूक काळ साधारण ३ ते १२ आठवड्यांचा. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ च्या पुस्तकात हे मांडलं आणि अजून ते मानलं जातं. अडचण अशी की लसी १६ आठवड्यांपर्यंत चालतात. मग काय, घरात कोंडायचं? नाही. कडेवर घेऊन फिरवायचं. जमिनीवर ठेवायचं नाही, पण ट्रक, रिक्षा, छत्रीवाले, हेल्मेटवाले, भाजीवाला, शाळेचे पोट्टे सगळं लांबून दाखवायचं. मी ठेचाला पिशवीत घालून संध्याकाळी चौकात उभा राहायचो. मोतीसोबत राहून ठेचा मोतीलाच सरावला असता, जगाला नाही.

दोघांना एकत्र शिकवायचं ते शेवटी, दोघांना वेगवेगळं जमायला लागल्यावर. आमचा खेळ साधा आहे. दोघं बसलेले. "मोती" म्हटलं की मोतीला तुकडा, "ठेचा" म्हटलं की ठेचाला. ज्याचं नाव नाही त्याने थांबायचं, आणि थांबला म्हणून पुढचा तुकडा त्याला. सुरुवात नेहमी मोतीपासून. यात "घरातला राजा कोण" वगैरे काही नाही. म्हाताऱ्याला थांबायचा सराव जास्त आणि पिल्लाला धीर कमी, म्हणून सुरुवातीला ठेचाला दोनच सेकंद थांबावं लागेल असा क्रम लावायचा, एवढंच.

जेवण मात्र कधीच एकत्र नाही. एक तर भांडण, दुसरं म्हणजे दोघांची गरजच वेगळी. वाढत्या पिल्लाला जास्त ताकदीचं खाणं लागतं, तेच म्हाताऱ्याने खाल्लं तर वजन वाढतं आणि सांध्यावर येतं. पिल्लाचा डबा महाग म्हणून "दोघांनाही तेच" असं करू नका.

आणि आता उन्हाळा

नागपूरच्या उन्हाळ्यावर कुठल्याच परदेशी व्हिडिओत काही सांगत नाहीत. तिथे दोन कुत्र्यांचं भांडण खेळण्यावरून होतं. आमच्याकडे कूलरसमोरच्या जागेवरून होतं.

मार्च संपता संपता कूलरमध्ये नवीन वाळा भरला, पंप सुरू केला आणि त्याच दुपारी दोघं समोरासमोर ताठ उभे. गुरगुर नाही, हालचाल नाही, एकदम स्तब्ध. हे स्तब्ध होणं गुरगुरण्यापेक्षा जास्त गंभीर समजा. ओरडू नका, मध्ये हात घालू नका. मी दुसऱ्या खोलीतून खाऊचा डबा वाजवला, दोघं वळले, आणि मी दोघांमध्ये दार लावलं. त्या दिवसापासून दोन गार जागा आहेत. एक कूलरसमोर, एक मोरीजवळ ओलं पोतं टाकून. मोतीची कूलरसमोर, कारण म्हाताऱ्या शरीराला उष्णता कमी झेपते. ठेचाला पोत्यावर जायचं शिकवलं, "पोतं" असाच शब्द ठेवला. आता म्हटलं की जातो, थोडा तोंड वाकडं करून.

४४-४५ अंशांच्या दिवसांत शिकवणं-बिकवणं सगळं सकाळी सहाच्या आत किंवा रात्री. रस्त्यावर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यांच्या पंजालाही होत नाही. जोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. थांबून बघू म्हणायचं नाही.

सध्या

ठेचा आता अकरा महिन्यांचा आहे. जानेवारीत, आठ महिन्यांचा असताना, अचानक सगळं विसरला. "बस" म्हटलं की भिंतीकडे बघायचा. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी अ‍ॅशर यांचा २०२० चा अभ्यास वाचला. आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या मानाने आपल्या माणसाचं कमी ऐकतात, पण अनोळखी माणसाने सांगितलं की ऐकतात. म्हणजे दहावीतला पोट्टा जसा घरी तोंड वर करत नाही आणि शेजारच्या काकूंची पिशवी उचलून देतो, तसंच. हे काही महिन्यांत ओसरतं. याच वयात पुष्कळ कुत्रे रस्त्यावर सोडले जातात, "बिघडला" म्हणून. तुमचा या वयात असेल तर धडे परत पहिल्यापासून सुरू करा, छोटे करा, खाऊ वाढवा आणि रागवू नका.

त्या हायवेवाल्या काकांचा परवा फोन आला होता. त्यांच्या घरी नातवाने पिल्लू आणलंय आणि जुनी कुत्री त्याच्यावर गुरगुरते म्हणत होते. मी आधी तिची कंबर तपासून आणायला सांगितलं.

तुमच्या घरी दोघांचं काय चाललंय ते व्हॉइस नोटने कळवा, मागून भुंकणं ऐकू आलं तरी चालेल. आमच्याकडचं आत्ता येईलच. कचऱ्याची गाडी चौकात वळलीय, ठेचा उठला, मोतीने फक्त एक कान वर केलाय.